बाळंतीण आणि रुग्ण: अवचित सिझरनंतरचे दुहेरी बरे होणे

प्रसूतीची बातमी आली की वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात दोन प्रश्न ठरलेले असतात: मुलगा की मुलगी, आणि नॉर्मल की सिझर. दुसऱ्याचे उत्तर ‘सिझर’ असे आले की त्यावरचे शेरेही दोनच. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग झालं’ हा एक आणि ‘आजकाल डॉक्टर पैशासाठी कापतातच’ हा दुसरा. पहिल्यात समाधान आहे, दुसऱ्यात संशय आहे, आणि जिच्या पोटावर टाके आहेत तिच्याविषयी दोहोंतही अवाक्षर नाही. ठरवून न केलेल्या, ऐनवेळी कराव्या लागलेल्या सिझरविषयीचा हा दुहेरी समज उथळ आहे. अशी स्त्री एकाच वेळी बाळंतीण असते आणि मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेली रुग्णही असते. रुग्णालय तिच्यातली रुग्ण पाहते, घर तिच्यातली बाळंतीण पाहते, आणि या दोन नजरांच्या मधल्या फटीत तिचे शरीराने व मनाने सावरणे अडकून पडते. ही फट बुजवायची तर धीराच्या शब्दांच्याही आधी, आपल्याबाबत काय घडले आणि का घडले, हे तिला तिच्या भाषेत कळले पाहिजे, असे येथे मांडायचे आहे.

अवचित म्हणजे नेमके काय

तारीख ठरवून केलेल्या सिझरमध्ये स्त्री उपाशीपोटी, मनाची तयारी करून टेबलावर जाते. अवचित सिझरमध्ये ती तिथवर पोहोचते तेव्हा बहुधा कित्येक तासांच्या कळा सोसून थकलेली असते. मग कोणीतरी येऊन सांगते की बाळाने पोटात शी केली, ठोके कमी झाले, पिशवीचे तोंड उघडत नाही किंवा बाळ अडले. या चारही वाक्यांना नेमका वैद्यकीय अर्थ आहे. गर्भजलात बाळाची पहिली विष्ठा मिसळली आणि ती श्वासाबरोबर आत गेली तर फुप्फुसांना अपाय होऊ शकतो. ठोक्यांची गती घसरणे हे बाळाला प्राणवायू कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. गर्भाशयमुख उघडण्याची प्रगती थांबली किंवा बाळाचे डोके कटीच्या हाडांत अडले, तर नुसती वाट पाहत राहणे दोघांच्याही जिवावर बेतू शकते. पण अर्थ आहे आणि तो पोहोचला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाशीममध्ये यात अंतराची भर पडते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेले इतर जिल्हे म्हणजे गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझर होत नाही. त्यासाठी भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्ताची सोय असलेली संस्था लागते, जिला आरोग्ययंत्रणेच्या भाषेत प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात. त्यामुळे मानोऱ्याच्या तांड्यावरून किंवा रिसोडच्या एखाद्या खेड्यातून निघालेली स्त्री आधी जवळच्या केंद्रात, तिथून गाडीने कारंजाला किंवा वाशीमला, आणि तिथेही निभावले नाही तर सुमारे ८० किलोमीटरवरच्या अकोल्याला, असा प्रवास कळा चालू असतानाच करू शकते. पुढे तिला ‘कळा सोसल्या नाहीत, सिझरनं सुटली’ असे ऐकवणाऱ्यांना हे माहीत नसते की तिने कळाही सोसल्या आणि शस्त्रक्रियाही सोसली.

व्याकरणातून निसटलेली बाई

नैसर्गिक प्रसूती झाली की वऱ्हाडात ‘पोरगी मोकयी झाली’ असे म्हणतात. प्रमाण मराठीत ‘मोकळी झाली’, ‘सुटका झाली’. ‘ती नॉर्मल झाली’ असेही सर्रास बोलले जाते. या सगळ्या वाक्यांत कर्ता म्हणून ती स्वतः आहे किंवा निदान तिची सुटका आहे. सिझर झाले की वाक्य बदलते: ‘तिचं सिझर करावं लागलं’. इथे ती षष्ठी विभक्तीत जाऊन बसते, आणि ‘लागलं’ या क्रियापदाला कर्ताच उरत नाही. कोणाला लागले, कोणी ठरवले, तिला विचारले होते का, हे सारे त्या एका शब्दात विरघळून जाते. भाषेवर दोष ठेवण्यात अर्थ नाही, ती घडले तेच नोंदवते. अवचित सिझरमधील अनेक स्त्रियांच्या बाबतीत सही नवऱ्याची किंवा सासऱ्याची असते, बोलणे त्यांच्याशी होते, आणि आतल्या खोलीत झोपलेल्या तिला निर्णय स्ट्रेचरच्या चाकांच्या आवाजावरून कळतो.

कायद्याची भूमिका याच्या उलट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले की सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध असताना तिच्या आईने दिलेली संमती पुरेशी नाही; जिवाला तातडीचा धोका असेल तरच अपवाद; आणि संमतीआधी उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती मिळायला हवी. सिझरच्या वेळी तर स्त्री बहुतेकदा शुद्धीवर असते. कण्यात इंजेक्शन देऊन केवळ कमरेखालचा भाग बधिर केलेला असतो, म्हणजे तिला दोन वाक्ये सांगणे आणि तिचा होकार घेणे अशक्य नसते.

पहिला टप्पा: टाके आणि त्यांच्या आत

सिझर म्हणजे ‘पोटाला चीर देऊन बाळ काढणे’ एवढेच समजले जाते, आणि बरे होण्याविषयीच्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. त्वचा, चरबी, स्नायूंवरचे जाड आवरण, उदराचा आतला पडदा आणि शेवटी गर्भाशय अशा थरांतून वाट काढली जाते. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध विलग करून बाजूला सारतात. बाहेर दिसते ती वीतभरही नसलेली आडवी रेघ, म्हणून घरच्यांना वाटते की आठवड्यात टाके निघाले की काम झाले. आतले थर मात्र कित्येक आठवडे भरत असतात. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, हा सल्ला यातूनच आला आहे. पंधरा लिटरच्या हंड्यात पंधरा किलो पाणी असते, हे ज्या घरात पाणी डोक्यावरून येते तिथे वेगळे सांगावे लागू नये. तरीही सांगावे लागते, कारण हंडा हे घरच्यांच्या लेखी ‘वजन’ नसते, ते रोजचे काम असते.

भुलीच्या इंजेक्शनाविषयीही बरेच सांगायचे राहून जाते. बधिर झालेल्या पोटात दुखत नाही, पण ओढल्याची, ढवळल्याची जाणीव होते. अंगाला हुडहुडी भरणेही नेहमीचेच आहे. हे आधी सांगितलेले नसले तर ती स्त्री भूल उतरली असे समजून भेदरते, आणि शरीराच्या दृष्टीने सामान्य असलेला तो क्षण तिच्या मनात भीतीचा क्षण म्हणून कायमचा नोंदला जातो. पुढे वर्षानुवर्षे कंबर दुखली की दोष त्याच सुईला दिला जातो. वास्तविक बाळंतपणानंतरची कंबरदुखी नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रियांतही सर्रास आढळते आणि तिचा संबंध सुईपेक्षा ढिले पडलेले स्नायू, वाकून बाळ घेणे आणि विश्रांतीचा अभाव यांच्याशी अधिक असतो.

उठण्याचीही एक रीत आहे. घरची बाज खोल असते, रुग्णालयातली खाट उंच असते, आणि सरळ उठून बसायला गेले तर सगळा ताण टाक्यांवर येतो. आधी गुडघे दुमडायचे, मग अख्खे अंग एकाच वेळी कुशीवर वळवायचे, पाय बाजेखाली सोडायचे आणि कोपराने व तळहाताने रेटा देत वर यायचे. खोकला किंवा हसू आले तर घडी घातलेली चादर टाक्यांवर दाबून धरायची. ही दोन मिनिटांची शिकवणी आहे. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच हळूहळू चालायला लावतात ते पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. हे कारण न सांगता ‘उठ, चाल’ एवढाच हुकूम झाला, तर सोबतच्या आईला तो निव्वळ निर्दयपणा वाटतो.

दुसरा टप्पा: घर, शेगडी आणि तुरीची डाळ

घराने बाळंतिणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली व्यवस्था मुळात शहाणपणाची आहे. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना विसावा, डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर, अंगाला तेल. थकलेल्या शरीराला अन्न, ऊब आणि कामातून सुटी देणारी याहून चांगली सामाजिक योजना सापडणे कठीण. पण ती रचली गेली तेव्हा सिझर झालेली बाळंतीण अस्तित्वातच नव्हती. १८८२ साली जर्मनीत माक्स झेंगर यांनी गर्भाशय टाके घालून शिवण्याची पद्धत मांडेपर्यंत जगभर सिझर झालेली आई क्वचितच जगत असे. म्हणून रूढी टाकून न देता ती या नव्या बाळंतिणीच्या अंगाला बेतून घेणे, हे खरे काम आहे.

शेकाचे उदाहरण घ्यावे. टाक्यांभोवतीच्या बारीक मज्जातंतूंना छेद गेलेला असल्याने तिथली कातडी कित्येक महिने बधिर राहते. पोट शेकताना चटका बसला तरी तिला कळत नाही आणि फोड येतो. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर विषारी वायू साठण्याचा धोका आहे, आणि तो आईपेक्षा बाळाला अधिक. पोट बांधण्याचेही तसेच: सैलसर आधार चालतो, जखमेवर करकचून बांधलेले लुगडे चालत नाही.

पथ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. भात खाल्ला की टाके पिकतात, तुरीच्या डाळीने पू होतो, असा समज घट्ट रुजलेला आहे. सोयाबीनच्या ओळींत तूर पेरणाऱ्या जिल्ह्यात, घरात तुरीचे पोते असताना, बाळंतीण मात्र पातळ कढण आणि भाकरीवर राहते. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि रक्तक्षय, मधुमेह, ओली अस्वच्छ जखम यांमुळे ती शक्यता वाढते. डाळीतली प्रथिने तर जखम भरायलाच लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्यांतल्याच एकीचे शस्त्रक्रियेत रक्त गेल्यावर तिच्या ताटातली डाळ काढून घेणे म्हणजे जखम भरण्याच्याच आड येणे. वेदनाशामक गोळ्यांनी दूध बिघडते या भीतीचेही असेच आहे. पॅरासिटामॉलसारख्या नेहमीच्या गोळ्या स्तनपानात चालतात, आणि दुखणे दाबून बसलेल्या आईला बाळ नीट धरताच येत नाही, हे अधिक खरे. सिझरनंतर दूध भरून यायला एखादा दिवस अधिक लागू शकतो, तोवर चिकाचे थेंब बाळाला पुरतात. कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजले की टाक्यांवर भार येत नाही.

मात्र काही लक्षणांना घरगुती उत्तर नाही: ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, एका पोटरीला सूज व वेदना, धाप, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी. यांपैकी काहीही दिसले तर सव्वा महिन्याचे सोवळे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

तिसरा टप्पा: जे कोणी विचारत नाही

अवचित सिझरनंतरच्या मनःस्थितीला ‘दुःख’ हा शब्द अपुरा आहे, कारण तिच्यात परस्परविरोधी भावना एकत्र नांदतात. बाळ हाती आल्याचा आनंद असतो आणि आपल्या अंगाने ऐनवेळी दगा दिला ही खंतही असते. वाचवल्याची कृतज्ञता असते आणि न विचारल्याचा राग असतो. बाळ पहिल्यांदा दाखवले तेव्हा काहीच वाटले नाही, ही कबुली तर ती कोणापाशीच देत नाही, कारण मराठी घरात आईची माया पान्ह्याबरोबर आपोआप येते असे गृहीत धरलेले असते. भूल, थकवा आणि भीती यांतून आलेल्या स्त्रीला ती माया यायला काही दिवस लागू शकतात, आणि त्यात अनैसर्गिक काही नाही.

घर आणि रुग्णालय यांच्यामधले तिचे तुटलेपण पाचवीच्या दिवशी उघडे पडते. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी ललाट लिहिते म्हणून घरी पाटा-वरवंटा मांडून पूजा होते. सिझरची बाळंतीण बहुधा अजून वॉर्डात असते. घरची पूजा तिच्यावाचून उरकते, किंवा कोणी आजी खाटेशेजारच्या कपाटावर कागद, लेखणी आणि हळदकुंकू गुपचूप मांडून ठेवते. ही छोटी मांडणी अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही, त्या वॉर्डात तिला बाळंतीण म्हणून वागवणारी तेवढी एकच कृती असते.

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतले विनाकारण रडू, चिडचिड ही बहुसंख्य स्त्रियांत येते आणि ओसरते. दोन आठवड्यांनंतरही उदासी, झोप उडणे, बाळाविषयी भीतीचे विचार किंवा शस्त्रक्रियेची दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे चालू राहिले, तर तो आजार असू शकतो. भारतातल्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या लेखाने प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के काढले. ते सर्व प्रकारच्या प्रसूतींचे आहे. म्हणजे सिझर हे नैराश्याचे एकमेव कारण नव्हे, आणि नॉर्मल प्रसूती ही त्यापासूनची हमीही नव्हे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी मोफत लागतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की जीव वाचला, मग तक्रार कसली. २०१८-२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. हे यश वेळेवर झालेल्या सिझरचेही आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण कृतज्ञतेने वेदना रद्द होत नाही. घराला लागलेल्या आगीतून वाचलेल्याला भाजल्याच्या जखमेवर मलम लावू नये, असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप संशयाचा. तो निराधार नाही: वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात देशातील खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या, सरकारी रुग्णालयांतल्या १४.३ टक्के. ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी समजावता येत नाही. सिझरचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने लोकसंख्येच्या पातळीवर मृत्यू आणखी घटत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नोंदवले, आणि प्रत्येक रुग्णालयाने आपल्या प्रसूतींचे दहा गटांत वर्गीकरण करून कोणत्या गटात किती सिझर होतात हे तपासावे असे सुचवले. रॉबसन वर्गीकरण म्हणतात ते हेच. पण सरासरीवरून एकीचा निवाडा होत नाही. अमुक स्त्रीचे सिझर अनावश्यक होते की उशिरा झाले, हे टक्केवारी सांगू शकत नाही, तिच्या कळांचा व ठोक्यांचा आलेखच सांगू शकतो. पुरावा नसताना बाजेशेजारी बसून ‘उगाच कापलं’ असे म्हणणारा पाहुणा डॉक्टरला शिक्षा करत नाही, तो त्या बाईची जखम व्यर्थ ठरवून जातो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: धावपळीत समजावणार कोण आणि केव्हा? त्या क्षणी दोन वाक्ये पुरेत, बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मात्र इथे अतिदावा टाळला पाहिजे. प्रसूतीनंतर एकाच बैठकीत अनुभव उकलून घेण्याच्या औपचारिक पद्धतीने मानसिक आघात टळतो, असे संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेले नाही. समजावून सांगणे हा मानसोपचार नव्हे. स्वतःच्या शरीराविषयी जाणून घेण्याचा तो तिचा हक्क आहे, आणि उपयोग सिद्ध होईपर्यंत हक्क थांबत नसतो.

‘बायका तर काही बोलत नाहीत’ या चौथ्या आक्षेपाला उत्तर विदर्भातच मिळाले आहे. राणी बंग व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली लॅन्सेटमध्ये दाखवले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, तर त्याआधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ एवढाच होता की त्यांना कोणी विचारले नव्हते.

विचारायचे कोणी

त्याच गडचिरोलीत झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगातून देशभर गेलेली घरपोच नवजात बालसेवा ही योजना आज प्रत्येक गावात आहे. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते. सिझर झालेली स्त्री उशिरा घरी येत असल्याने तिच्या बाबतीत भेटी सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाच धरल्या जातात. आईच्या तापाची, रक्तस्रावाची चौकशी त्यात आहे, पण मुख्य रोख बाळाच्या वजनावर, उबेवर आणि दुधावर असतो. या पाच भेटींत टाके पाहणे आणि ‘तुला काय झालं होतं ते सांग’ एवढे विचारणे, यासाठी नवी योजना लागत नाही, वेळ आणि थोडे प्रशिक्षण लागते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझरनंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहाराची तरतूद आहे. ते दिवस नुसते खाट अडवण्याचे नाहीत, शिकण्याचेही आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले आहे. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना वऱ्हाडीत सिझरचे कारण सांगता आले पाहिजे, ही अपेक्षा अभ्यासक्रमाबाहेरची मानू नये.

तोवर घरच्यांच्या हाती एक कागद आहे. सुटी होताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’ अशी अक्षरे असतात आणि त्यापुढे कारण लिहिलेले असते. त्या अक्षरांचा अर्थ गर्भाशयाच्या खालच्या भागातून केलेले सिझर, आणि तिथे छेद सहसा आडवा असतो. पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल का, हे मुख्यतः त्या छेदावर आणि त्या कारणावर ठरते. योग्य निवड केलेल्या स्त्रियांत असा प्रयत्न १०० पैकी ६० ते ८० वेळा यशस्वी होतो, मात्र तो शस्त्रक्रियेची सोय जागेवर असलेल्या रुग्णालयातच करायचा असतो, कारण हजारात पाच-सात जणींत जुना छेद फाटू शकतो. म्हणून सुटी घेण्यापूर्वी ते कार्ड त्या बाळंतिणीसमोरच डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून मराठीत वाचून घ्यावे, छेद आडवा की उभा हे विचारून त्यावर लिहून घ्यावे, आणि ते बिलांच्या पिशवीत न टाकता तिच्या स्वतःच्या हाती द्यावे.